अर्थशास्त्रातले प्रयोग आणि आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी, सामाजिक संस्थांत मूल्यमापनाचं काम करणारी मंडळी, नेट-सेटची तयारी करणारे यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे पायाभूत आहेत, पुढचे अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. उदाहरणं जमेल तिथे भारतातली घेतली आहेत. त्यातली काही थेट महाराष्ट्रातली आहेत, कारण या विषयाच्या इतिहासात सोलापूर-अकोल्याच्या गावांना मानाचं स्थान आहे.

प्र. १. अर्थशास्त्र माणसांबद्दल आहे. त्यात प्रयोग कसा करणार?

एक गोष्ट मुद्दाम बदलायची, बाकीचं शक्य तितकं सारखं ठेवायचं आणि फरक मोजायचा, एवढंच प्रयोगाला लागतं. हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गातच छोटा बाजार भरवला आणि १९४८ साली त्याचे निष्कर्ष छापले. त्यांचे विद्यार्थी व्हर्नन स्मिथ यांनी पुढे तो बाजार नव्या नियमांनी चालवला. प्रत्येक विद्यार्थ्याला चिठ्ठीवर त्याची किंमत दिलेली, ती इतरांना माहीत नाही, आणि बोली मात्र सगळ्यांसमोर मोठ्यानं लावायची. काही फेऱ्यांतच सौद्यांची किंमत मागणी-पुरवठ्याच्या आलेखातल्या छेदबिंदूपाशी येऊन ठेपली. हा निबंध १९६२ चा. २००२ साली स्मिथ यांना डॅनिएल काहनमन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आज ढोबळमानानं तीन प्रकार दिसतात. पहिला प्रयोगशाळेतला: संगणकांची खोली, विद्यार्थी, ठरलेले नियम. दुसरा, तेच खेळ घेऊन गावात किंवा बाजारात जायचं. तिसरा, खरी योजनाच काहींना चिठ्ठ्या टाकून द्यायची आणि काहींना नाही. हा तिसरा प्रकार अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्या २०१९ च्या नोबेलमुळे सर्वांना माहीत झाला. तो शक्य नसेल तेव्हा काय करायचं, ते प्र. ११ मध्ये आहे.

प्र. २. लोकांना सरळ विचारलं तर काय बिघडतं? सर्व्हे पुरेसा नाही का?

किती जनावरं आहेत, किती एकर आहे, कर्ज कुणाकडून घेतलं, हे विचारूनच कळतं. पण "तुम्ही जोखीम घ्याल का?" या प्रश्नाचं उत्तर विचारून मिळतं यावर विश्वास ठेवू नये. याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच मातीतला आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेनं १९७५ मध्ये कोरडवाहू भागातल्या सहा गावांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातली चार गावं महाराष्ट्रातली होती: सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. उरलेली दोन तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यातली. हान्स बिन्सवांगर यांनी या अभ्यासाच्या आधारे २४० कुटुंबांची जोखमीबद्दलची वृत्ती दोन पद्धतींनी मोजली. एक पद्धत मुलाखतीची: "समजा अमुक इतके मिळण्याची शक्यता असेल, तर त्याऐवजी खात्रीचे किती घ्याल?" दुसरी पद्धत नाणेफेकीची, आणि तिच्यात पैसे खरे.

नाणेफेकीत माणसानं अनेक पर्यायांतून एक निवडायचा. पहिला बिनधोक: छापा पडो वा काटा, ५० रुपये. पुढच्यात वाईट बाजू पडली तर ४५, चांगली पडली तर ९५. त्यापुढे ४० आणि १२०, मग ३० आणि १५०, मग १० आणि १९०, आणि शेवटी ० किंवा २००. जसजसं पुढे जावं तसतशी सरासरी मिळकत ५० वरून १०० पर्यंत चढते, पण जोखीमही वाढते. शेवटच्या दोन पर्यायांत तर सरासरी तीच राहते आणि फक्त जोखीम वाढते. सुरुवात अगदी लहान रकमांपासून, म्हणजे बिनधोक पर्यायात ५० पैसे मिळतील इथून केली आणि मग रकमा चढवत नेल्या. सगळ्यात वरच्या खऱ्या फेरीत मिळू शकणारी रक्कम तेव्हाच्या अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होती. लोकांना विचार करायला दिवस मिळाले. खेळ एका बैठकीत उरकला नव्हता.

१९८० साली छापलेल्या निष्कर्षांतले दोन मला फार मोलाचे वाटतात. एक, मुलाखतीतून आलेले आकडे आणि खऱ्या पैशांच्या खेळातून आलेले आकडे एकमेकांशी जुळलेच नाहीत. मुलाखतीतलं उत्तर मुलाखत कोण घेतंय यावरही बदलत होतं. दोन, रकमा मोठ्या झाल्यावर जवळजवळ सगळेच जण मध्यम प्रमाणात जोखीम टाळताना दिसले आणि श्रीमंत-गरीब असा फारसा फरक पडला नाही.

या दुसऱ्या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घ्या. लहान शेतकरी नवं बियाणं किंवा खत वापरत नाही तेव्हा "तो भित्रा आहे, परंपरेला चिकटलेला आहे" असं म्हणायची सवय सरकारी अहवालांत तेव्हाही होती, आजही आहे. बिन्सवांगर यांनी दाखवलं की मोठ्या आणि लहान शेतकऱ्याची वृत्ती साधारण सारखीच आहे. फरक आहे तो कर्ज, बाजार आणि माहिती कुणापर्यंत पोचते यात. वृत्ती मोजायची पद्धत चुकली असती तर धोरणाचा रोख शेतकऱ्याच्या स्वभावावर गेला असता.

प्र. ३. मग खरे पैसे दिलेच पाहिजेत का? आमच्याकडे निधी नाही.

शक्य असेल तर द्यावेत, आणि माणसाच्या निवडीनुसार द्यावेत. सगळ्यांना सरसकट १०० रुपये "आल्याबद्दल" देऊन खेळ काल्पनिक ठेवला, तर ते मानधन झालं. निवडीला त्यानं वजन येत नाही.

कमी निधीत करायचा रुळलेला मार्ग असा: दहा निर्णय घ्यायला लावायचे आणि शेवटी चिठ्ठी काढून त्यातला एकच खरा मानून पैसे द्यायचे. कुठला खरा ठरेल हे आधी माहीत नसल्यामुळे प्रत्येक निर्णय गांभीर्यानं घेतला जातो. चार्ल्स होल्ट आणि सुसान लॉरी यांची २००२ ची दहा ओळींची जोखीम-यादी अशीच वापरली जाते.

रक्कम किती असावी यालाही महत्त्व आहे. मेघालयात झालेल्या आणि २०११ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात वाटणीच्या अल्टिमेटम खेळातली (प्र. ४) रक्कम २० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंत नेली. लहान रकमेला अन्यायी वाटणी नाकारणारे लोक होते. सर्वांत मोठ्या रकमेला नकार जवळजवळ दिसेनासा झाला. पन्नास रुपयांच्या खेळावरून "माणसं न्यायासाठी नुकसान सोसतात" असा सरसकट निष्कर्ष काढताना हे लक्षात ठेवावं.

काल्पनिक प्रश्न अगदीच निरुपयोगी नाहीत. काहनमन आणि अमोस ट्व्हर्स्की यांचा १९७९ चा पायाभूत निबंध बहुतांशी काल्पनिक निवडींवरच उभा आहे, आणि त्यातल्या निवडींचे कल पुढे अनेक देशांत पुन्हा दिसले. फक्त काल्पनिक असेल तर तसं निबंधात स्पष्ट लिहा.

प्र. ४. निबंधांत ज्या "खेळां"चा उल्लेख येतो ते नेमके कोणते?

चार ओळखून ठेवले तर बहुतेक निबंध वाचता येतात.

अल्टिमेटम: एकाला रक्कम मिळते, तो दुसऱ्याला हिस्सा देऊ करतो, दुसऱ्यानं नाकारलं तर दोघांनाही शून्य. वेर्नर ग्यूथ आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तो पहिल्यांदा मांडला. डिक्टेटर: तेच, पण दुसऱ्याला नकाराचा हक्क नाही. विश्वासाचा खेळ: मी पाठवलेली रक्कम तिप्पट होऊन तुमच्याकडे येते, आता परत किती द्यायची ते तुम्ही ठरवा. सार्वजनिक हिताचा खेळ: सगळ्यांनी सामायिक निधीत टाकायचं, निधी वाढवून सर्वांत सारखा वाटला जातो, त्यामुळे स्वतः न टाकता वाटा घेण्याचा मोह राहतो. पाणलोटाची किंवा सामायिक विहिरीची कामं ज्यांनी केली आहेत त्यांना हा शेवटचा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

प्र. ५. चिठ्ठ्या टाकूनच गट का पाडायचे? मी अनुभवानं दोन सारखे गट निवडले तर?

तुम्ही वय, शिक्षण, जमीन, जात या दिसणाऱ्या गोष्टी जुळवाल. हुरूप, घरातला पाठिंबा, मुख्याध्यापकांची तळमळ या गोष्टी जुळवू शकणार नाही, कारण त्या यादीत नसतात. चिठ्ठी दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या दोन्ही गोष्टी सरासरीनं सारख्या वाटते. तेवढ्यासाठीच ती.

मुंबई आणि वडोदऱ्यातला बालसखी कार्यक्रम घ्या. 'प्रथम' संस्थेनं तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुण मुली नेमल्या. रोज साधारण दोन तास त्या या मुलांना वाचन आणि अंकगणिताच्या मूळ गोष्टी शिकवत. समजा ज्या शाळांनी स्वतःहून बालसखी मागितली त्यांची तुलना न मागणाऱ्या शाळांशी केली असती, तर मोजला गेला असता तो मुख्याध्यापकांचा उत्साह. कोणत्या शाळेच्या कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल हे चिठ्ठीनं ठरवल्यामुळे २००७ मध्ये छापलेला निष्कर्ष भरवशाचा ठरला: सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनानं (मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्याचं माप) वाढले आणि सर्वाधिक फायदा तळाच्या मुलांना झाला. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर तो फरक सुमारे ०.१ वर आला, हेही संशोधकांनी तितक्याच ठळकपणे सांगितलं.

एक व्यवहारी सूचना. चिठ्ठ्या गावासमोर, सगळ्यांच्या देखत टाका, किंवा संगणकानं काढणार असाल तर प्रोग्रॅममधला सुरुवातीचा अंक जपून ठेवा, म्हणजे तीच यादी पुन्हा काढून दाखवता येते. कुणाचं नाव "चुकून" दुसऱ्या गटात सरकलं अशी शंकासुद्धा राहता कामा नये.

प्र. ६. नियंत्रण गटाला (म्हणजे तुलनेसाठी योजनेबाहेर ठेवलेल्यांना) लाभ नाकारणं अन्यायाचं नाही का?

हा प्रश्न विचारणारे योग्य तेच विचारतात, आणि "विज्ञानासाठी करावं लागतं" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

पहिली गोष्ट, निधी सगळ्यांना पुरणार नसेल तर कुणीतरी वगळलं जाणारच. वशिल्यानं वगळण्यापेक्षा चिठ्ठीनं वगळणं जास्त न्याय्य आहे. दुसरी, रचना अशी करता येते की कुणीच रिकाम्या हातानं राहत नाही. वडोदऱ्यात काही शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली, काहींना चौथीसाठी. एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी ताडता आली, आणि प्रत्येक शाळेच्या हाती काहीतरी पडलं. टप्प्याटप्प्यानं योजना नेणं हा आणखी एक मार्ग: या वर्षी निम्मी गावं, पुढच्या वर्षी उरलेली.

पण सीमा आहेत. ज्याचा फायदा आधीच सिद्ध आहे ते काढून घेऊन प्रयोग करू नये. नैरोबीत पाण्याची थकबाकी असलेल्या घरमालकांपैकी कुणाची जोडणी तोडायची हे चिठ्ठीनं ठरवणारा एक अभ्यास झाला. २०२० मध्ये त्यावर मोठा वाद उठला, कारण पाणी भाडेकरूंचंही तुटत होतं आणि त्यांची संमती कुणी घेतली हा प्रश्न उरला. मला तो आक्षेप रास्त वाटतो.

भारतात काम करताना संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनावर स्वतंत्र विभाग आहे. तो वाचल्याशिवाय गावात जाऊ नये. सहभागी माणसाला मधेच उठून जाण्याचा हक्क आहे हे त्याला त्याच्या बोलीत, पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं गेलं पाहिजे.

प्र. ७. किती माणसं घ्यायची? १०० पुरतील का?

हे तुम्हाला किती लहान फरक पकडायचा आहे यावर अवलंबून आहे. लक्षात ठेवण्याजोगा ढोबळ हिशेब: दर गटात लागणारी संख्या = १६ × (प्रमाण विचलन ÷ अपेक्षित फरक) चा वर्ग. यात ५ टक्के सार्थकता पातळी (खरा फरक नसताना तो आहे असं चुकून ठरण्याची शक्यता) आणि खरा फरक असल्यास तो सापडण्याची ८० टक्के खात्री गृहीत धरली आहे.

अर्ध्या प्रमाण विचलनाचा फरक अपेक्षित असेल तर दर गटात ६४ जण. बालसखीइतका, म्हणजे ०.२८ असेल तर सुमारे २०४. आणि ०.१ असेल तर १,६००. फरक निम्मा झाला की संख्या चौपट होते. अनेक प्रबंध इथेच अडकतात: दोन्ही गट मिळून १०० जण घेतलेले असतात आणि ज्या योजनेचा परिणाम ०.१ च्या आसपास असतो तिला "परिणामशून्य" ठरवलं जातं (प्र. १६).

चिठ्ठी माणसांवर न टाकता वर्गावर किंवा गावावर टाकली असेल तर हिशेब आणखी बदलतो. एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाकडे शिकतात, त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांशी बांधलेले असतात. तीसावं मूल पहिल्या मुलाइतकी नवी माहिती देत नाही. यासाठी वरच्या संख्येला १ + (वर्गातली मुलं − १) × (अंतर्गत सहसंबंध) यानं गुणायचं. वर्गात ३० मुलं आणि सहसंबंध ०.२ असेल तर गुणक ६.८ येतो. म्हणजे २०४ च्या जागी जवळपास १,४०० मुलं, अर्थात दर गटात ४७ च्या आसपास वर्ग. मार्गदर्शक "दोन शाळा घे, एकीत कर, एकीत नको" असं सांगत असतील तर हा गुणाकार त्यांच्यासमोर मांडा. प्रत्येक बाजूला एकच शाळा असेल, तर योजनेचा परिणाम आणि त्या शाळेचं वेगळेपण कितीही मुलं मोजली तरी वेगळं करता येत नाही.

प्र. ८. पी-मूल्य ०.०५ च्या खाली आलं म्हणजे सिद्ध झालं ना?

नाही. खरोखर काहीच परिणाम नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता किती, एवढंच ते सांगतं. परिणाम असण्याची शक्यता ९५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

धोका कुठे आहे ते पाहा. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० गोष्टी मोजल्या आणि योजनेचा एकीवरही परिणाम नसला, तरी त्यातली किमान एक ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग तीच एक निवडून निबंध लिहिला की खोटं छान दिसतं. यावर उपाय म्हणजे काय मोजणार, कसं मोजणार, कोणते उपगट पाहणार हे माहिती गोळा करण्याआधीच नोंदवून ठेवणं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची प्रयोग-नोंदवही २०१३ पासून सर्वांना मोफत खुली आहे. विद्यार्थ्यांनीही ती वापरावी.

प्र. ९. योजना दिली, पण नेमून दिलेल्यांपैकी काहींनी घेतलीच नाही. त्यांना वगळू का?

अजिबात वगळू नका. वगळलंत की चिठ्ठीनं मिळवलेलं सगळं गमावलंत, कारण न घेणारे आणि घेणारे मुळात वेगळे असतात. मुंबईत बालसखीच्या वेळी नेमून दिलेल्या काही शाळांपर्यंत बालसखी पोचलीच नाही. तरी विश्लेषणात त्या शाळा नेमलेल्या गटातच धरल्या गेल्या. तुलना "कुणाला नेमलं" यावरून करायची, "कुणी घेतलं" यावरून नाही.

प्रत्यक्ष घेणाऱ्यांवरचा परिणाम हवा असेल तर नेमणुकीतून आलेला फरक, नेमणुकीमुळे वाढलेल्या वापरानं भागायचा. पण तो आकडा नेमल्यामुळेच ज्यांनी योजना घेतली त्यांचा असतो. काही झालं तरी घेणार नाहीत किंवा काही झालं तरी घेणारच, अशांबद्दल तो काही सांगत नाही.

प्र. १०. लाभ न मिळालेल्यांपर्यंतही परिणाम पोचला तर?

तर दोन्ही गटांतला फरक लहान दिसेल आणि योजना आहे त्यापेक्षा कमकुवत वाटेल. केनियाच्या बुसिया भागातल्या ७५ शाळांतला जंतनाशक गोळ्यांचा प्रयोग (एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर, २००४) याचं नेहमीचं उदाहरण आहे. काही मुलांना गोळ्या दिल्या की आसपासच्या मुलांनाही संसर्ग कमी होतो, म्हणून त्यांनी चिठ्ठी मुलांवर न टाकता शाळांवर टाकली. शाळेतली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशानं घटली. पुढे २०१५ च्या फेरतपासणीत दूरच्या शाळांवरच्या परिणामाच्या हिशेबात चुका आढळल्या आणि त्यावर दीर्घ वाद झाला. तरी रचनेचा धडा कायम आहे: परिणाम जिथवर पसरतो तिथवरचा सगळा घटक एकाच गटात टाका.

प्र. ११. चिठ्ठी टाकणं माझ्या हातातच नसेल तर?

आधी पाहा, दुसऱ्या कुणी चिठ्ठी टाकली आहे का. आपल्याकडे ती अनेकदा टाकली जाते आणि संशोधकांचं तिकडे लक्ष जात नाही.

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत हे मोठं उदाहरण. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ पंचायती घेतल्या. महिला आरक्षण कुठे येणार हे तिथे गावाच्या इच्छेवर नव्हतं, म्हणून आरक्षित आणि अनारक्षित पंचायतींची तुलना जवळपास प्रयोगासारखी झाली. २००४ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की महिला प्रमुख असलेल्या पंचायती त्या-त्या भागातल्या बायकांच्या मागण्यांवर जास्त खर्च करतात, त्यात दोन्ही राज्यांत पिण्याचं पाणी आलं.

दुसरं उदाहरण मुंबईतलं, म्हाडाच्या घरांची लॉटरी. तनू कुमार यांनी जिंकलेल्या आणि न जिंकलेल्या अर्जदारांची काही वर्षांनंतर तुलना केली. अर्ज दोघांनीही केलेला, फरक फक्त नशिबाचा. घर मिळालेले लोक स्थानिक कारभारात जास्त भाग घेताना आढळले.

सोडतही नसेल तर आधीच्या-नंतरच्या फरकांतला फरक पाहता येतो. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी न्यू जर्सीत किमान वेतन १९९२ च्या एप्रिलमध्ये ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं तेव्हा तिथली आणि शेजारच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातली मिळून ४१० रेस्टॉरंटं पाहिली; रोजगार घटल्याचं दिसलं नाही. इथे सगळा भार एका गृहीतकावर असतो: वेतन वाढलं नसतं तर दोन्हीकडचा कल सारखाच राहिला असता. तुमच्या दोन जिल्ह्यांचा आधीचा पाचसहा वर्षांचा कल आलेखावर काढा. तो समांतर नसेल तर ही पद्धत सोडून द्या. या वाटेनं जाणाऱ्यांसाठी २०२१ चं नोबेल (कार्ड, जोशुआ अँग्रिस्ट, गिडो इम्बेन्स) हा अभ्यासाचा चांगला आरंभ आहे.

प्र. १२. परदेशी विद्यार्थ्यांवरचे निष्कर्ष आपल्याला लागू होतात का?

गृहीत धरू नका. जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी अल्टिमेटम खेळ १५ लहान समाजांत नेला. पेरूतल्या माचिगेंगा लोकांनी सरासरी २६ टक्के हिस्सा देऊ केला, इंडोनेशियात समूहानं देवमाशांची शिकार करणाऱ्या लामालेरा लोकांनी ५८ टक्के.

आणखी जवळचं उदाहरण मेघालयातलं. स्त्रिया स्पर्धा टाळतात असं पाश्चात्त्य प्रयोगशाळांत वारंवार दिसलं होतं. २००९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात बादलीत चेंडू टाकण्याच्या खेळात स्पर्धेच्या हिशेबानं पैसे घ्यायचे की साध्या हिशेबानं, अशी निवड दिली. मातृवंशीय खासी समाजात ५४ टक्के स्त्रियांनी स्पर्धा निवडली, पुरुषांनी ३९ टक्के. टांझानियातल्या पितृसत्ताक मसाईंत पुरुष ५० टक्के आणि स्त्रिया २६ टक्के.

जागेइतकंच महत्त्व योजना कोण राबवतं याला आहे. केनियात कंत्राटी शिक्षकांची योजना स्वयंसेवी संस्थेनं चालवली तिथे मुलांचे गुण वाढले. तीच योजना सरकारनं चालवली तिथे वाढले नाहीत. "अमुक राज्यात सिद्ध झालं आहे" असं सांगून योजना जशीच्या तशी उचलणाऱ्यांना हा निष्कर्ष आवर्जून दाखवावा.

प्र. १३. नुकसानाचं दुःख फायद्याच्या आनंदाच्या २.२५ पट, हा आकडा प्रबंधात वापरू का?

ट्व्हर्स्की आणि काहनमन यांनी १९९२ मध्ये दिलेलं ते मध्यांक मूल्य आहे, आणि ते बर्कले व स्टॅनफर्डच्या २५ पदवीधर विद्यार्थ्यांवरून काढलेलं आहे. तुलनेसाठी द्या. विदर्भातल्या कापूस उत्पादकाच्या निर्णयाचं प्रतिमान मांडताना मात्र तो आकडा निसर्गनियमासारखा भरू नका; स्वतः मोजा (पद्धत प्र. २ व ३).

प्र. १४. गावात खेळ घेताना प्रत्यक्ष अडचणी कोणत्या येतात?

सर्वांत मोठी अडचण समजण्याची. "३० टक्के शक्यता" असं कागदावर लिहून भागत नाही. दहा गोट्या, तीन लाल, सात निळ्या, पिशवीत सगळ्यांसमोर टाकून माणसालाच हात घालू द्या. खरी फेरी सुरू करण्याआधी दोन-तीन प्रश्न विचारून खेळ समजला का ते तपासा, आणि न समजलेल्यांचं प्रमाण निबंधात लिहा. हे प्रमाण लपवलं तर गोंधळातून केलेली निवड जोखमीची आवड म्हणून मोजली जाते.

दुसरी, नाणं आणि सोंगट्या पाहून अनेक घरांत हा जुगार वाटतो, विशेषतः वडीलधाऱ्यांना. स्वतःच्या खिशातून काही जाणार नाही हे आधी सांगा. ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत आधी ओळख करून द्या. तिसरी, उत्तर खाजगी ठेवणं. पडवीत चार माणसं बसलेली असताना सुनेनं काय निवडलं याला अर्थ नाही. चौथी, सकाळी खेळलेला माणूस दुपारपर्यंत गावभर सांगतो, म्हणून एका गावातल्या फेऱ्या शक्यतो एकाच दिवशी उरका.

आणि सहभागींशी खोटं बोलू नका. मानसशास्त्रात मर्यादित फसवणूक चालते. प्रायोगिक अर्थशास्त्रात ती निषिद्ध मानतात. "समोर दुसरा माणूस आहे" असं सांगितलं तर तो असलाच पाहिजे. एकदा विश्वास गेला की पुढच्या संशोधकाला त्या गावात कुणी गांभीर्यानं उत्तर देत नाही.

प्र. १५. गाजलेले प्रयोग पुन्हा केले की टिकत नाहीत, हे खरं का?

काही टिकतात, काही नाही, आणि हे मोजलं गेलं आहे. २०१६ मध्ये प्रयोगशाळेतले १८ अर्थशास्त्रीय प्रयोग पुन्हा करून पाहिले. ११ मध्ये मूळ दिशेचा सार्थ परिणाम मिळाला, आणि परिणामाचा आकार सरासरी मूळच्या दोन तृतीयांश निघाला. मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांच्या २०१५ च्या तपासणीत हे प्रमाण ३६ टक्के होतं.

काही वेळा प्रकरण योगायोगाच्या पलीकडचं असतं. फॉर्मच्या वरच्या बाजूला सही घेतली तर लोक जास्त खरं लिहितात, असं सांगणारा २०१२ चा प्रसिद्ध निबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातली वाहन विम्याची आकडेवारी बनावट असल्याचं इतरांनी तपासून दाखवलं. ती तपासणी शक्य झाली कारण मूळ आकडे खुले केले होते. म्हणून तुमची माहिती (नावगाव काढून) आणि विश्लेषणाचे प्रोग्रॅम निबंधासोबत ठेवा. विश्लेषणासाठी आर आणि संगणकावर खेळ चालवण्यासाठी ओट्री ही दोन्ही साधनं मोफत आहेत; ओट्रीवर एका आठवड्यात साधा अल्टिमेटम खेळ उभा करता येतो.

प्र. १६. "परिणाम नाही" असं आलं. काम वाया गेलं का?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: परिणाम नाही हे दिसलं, की परिणाम दिसण्याइतकी माणसंच नव्हती? विश्वासांतर, म्हणजे खरा परिणाम ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा असा अंदाज निघतो तो पट्टा, पाहा. ते −०.०३ ते ०.०५ असेल तर मोठा परिणाम नाही असं ठामपणे म्हणता येतं. −०.४ ते ०.५ असेल तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही, आणि चूक माणसांच्या संख्येत आहे (प्र. ७).

पहिल्या प्रकारचा निष्कर्ष फार किमती असू शकतो. हैदराबादच्या १०४ वस्त्यांपैकी चिठ्ठीनं निवडलेल्या निम्म्या वस्त्यांत सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्थेनं शाखा उघडल्या. त्या काळात सूक्ष्म कर्जानं गरिबी हटते आणि बायका सक्षम होतात असं जगभर सांगितलं जात होतं. २०१५ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत धंद्यात गुंतवणूक थोडी वाढलेली दिसली. एकूण घरखर्च, आरोग्य, शिक्षण, बायकांचं घरातलं स्थान यात सार्थ फरक नव्हता. त्याच वर्षी बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्कोतले निष्कर्षही जवळपास याच दिशेचे छापले गेले.

इथेही प्र. ९ विसरू नका. शाखा उघडलेल्या वस्त्यांत सूक्ष्म कर्ज घेतलेल्या घरांचं प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा फक्त ८.४ टक्के अंकांनी जास्त होतं. म्हणजे हा आकडा शाखा उघडण्याच्या परिणामाचा आहे, कर्ज घेतलेल्या प्रत्येक बाईच्या अनुभवाचा नाही. निबंधात तो नेमक्या याच शब्दांत लिहावा, आणि शेजारी विश्वासांतर द्यावं.